संदेश चव्हाट्यावर, हात पडद्याआड : परक्या देशात मतं घडवणाऱ्या हेरसंस्था

आडवाट

जुलै १९८३ मध्ये दिल्लीहून निघणाऱ्या 'पेट्रियट' या इंग्रजी दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं. लिहिणारा स्वतःला नामवंत अमेरिकी शास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ म्हणवत होता. एड्सचा विषाणू अमेरिकी लष्कराने मेरीलँडमधल्या फोर्ट डेट्रिकच्या प्रयोगशाळेत तयार केला, असा त्याचा दावा. पत्राकडे फारसं कुणी पाहिलं नाही, दोन वर्षं ते तसंच पडून राहिलं. मग ऑक्टोबर १९८५ मध्ये मॉस्कोच्या 'लितेरातुर्नाया गझेता'ने तोच विषय उचलला आणि हवाला दिला तो या भारतीय वर्तमानपत्राचा! पुढच्या वर्षी पूर्व बर्लिनमधले निवृत्त जीवशास्त्रज्ञ याकोब झेगल यांनी त्याला शास्त्रीय भाषेत बसवलं. १९८७ पर्यंत ही गोष्ट ८० हून अधिक देशांत आणि ३० हून अधिक भाषांत फिरत होती. १९९२ मध्ये रशियाच्या परदेशी हेरसंस्थेचे तेव्हाचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी यामागे केजीबी ही सोव्हिएत हेरसंस्था असल्याचं मान्य केलं.

थाप मोठी होतीच, पण माझं लक्ष जातं ते तिच्या प्रवासाकडे. मॉस्कोने हेच स्वतःच्या तोंडाने सांगितलं असतं तर अर्ध्या जगाने ते तिथल्या तिथे झटकून टाकलं असतं. म्हणून आधी तिसऱ्या देशातलं वर्तमानपत्र, त्यात एका 'अमेरिकी' माणसाचं पत्र, मग त्या वर्तमानपत्राचा हवाला, मग शास्त्रज्ञ. दर टप्प्याला मूळ हात एकेक पाऊल मागे सरकतो. रेडिओ मॉस्को किंवा व्हॉइस ऑफ अमेरिका ऐकताना कोण बोलतंय हे आपल्याला ठाऊक असतं, तो उघड प्रचार. गुप्त मोहिमेत संदेश सगळ्यांसमोर असतो, पाठवणारा तेवढा दिसत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने जून १९४८ मध्ये काढलेल्या एनएससी १०/२ या आदेशात ही अटच घातली आहे : काम असं करायचं की सरकारची जबाबदारी बाहेरच्याला दिसू नये, आणि उघड झालंच तर पटेल अशा रीतीने कानावर हात ठेवता यावेत.

माझा आवडता किस्सा मात्र चेकोस्लोव्हाकियाचा. पश्चिम जर्मनीत नाझींवर खुनाचे खटले भरण्याची मुदत १९६५ मध्ये संपणार होती. १९६४ च्या उन्हाळ्यात शुमावाच्या डोंगरातल्या 'काळ्या तळ्या'त टीव्हीसाठी चित्रण करणाऱ्या पाणबुड्यांना तळाशी पेट्या सापडल्या. सप्टेंबरमध्ये गृहमंत्र्यांनी प्रागमध्ये पत्रकार परिषद घेऊन त्यातली नाझी कागदपत्रं जगापुढे ठेवली. पेट्या तिथे बुडवल्या होत्या चेक हेरखात्यानेच, आणि तेव्हा त्यांत कोरे कागद होते. कागदपत्रं नंतर मॉस्कोहून आली. पेट्या बुडवणाऱ्यांपैकी एक होता लादिस्लाव बिटमन. १९६८ मध्ये तो पश्चिमेकडे पळाला आणि पुढे त्यानेच ही हकीकत सांगितली. या 'ऑपरेशन नेपच्यून'मधली कागदपत्रं अस्सल होती आणि त्यातले गुन्हेही खरे होते. बनावट होती ती फक्त सापडण्याची गोष्ट. खटल्यांची मुदत पुढे वाढली खरी, पण ती या पेट्यांमुळे वाढली असं मी म्हणणार नाही, कारण खुद्द जर्मनीतच त्यासाठी मोठा दबाव होता.

आता दुसऱ्या बाजूला या. जून १९५० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' ही साम्यवादविरोधी लेखक-विचारवंतांची संघटना स्थापन झाली. तिचा कारभार पाहणारे मायकल जोसेलसन सीआयएचे अधिकारी होते. लंडनचं 'एन्काउंटर' मासिक तिचंच, आणि १९५५ मध्ये मुंबईत निसिम इझिकेल यांच्या संपादनाखाली सुरू झालेलं 'क्वेस्ट' याच संस्थेच्या भारतीय शाखेचं. त्यात लिहिणारे भाडोत्री नव्हते. बहुतेकांना पैसा कुठून येतो याची कल्पना नव्हती, आणि जे लिहिलं ते त्यांना मनापासून वाटत होतं. १९६६-६७ मध्ये आधी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आणि मग 'रॅम्पार्ट्स' मासिकाने सीआयएच्या अशा गुप्त देणग्यांचं बिंग फोडलं. मग इथे फसवणूक नेमकी कुणाची झाली? माझ्या मते वाचकाची. ओळी खोट्या नव्हत्या, पण कोणत्या आवाजाला कागद, छपाई, विमानाचं तिकीट आणि संपादकाचा पगार मिळायचा हे कुणीतरी परस्पर ठरवत होतं.

शेवटचा मुद्दा, आणि धागा काढला तो याचसाठी. १९९२ मध्ये ब्रिटनला आलेल्या वासिली मित्रोखिन या केजीबीच्या दफ्तरदाराने आणलेल्या नोंदींनुसार केजीबीने भारतीय वृत्तपत्रांत १९७२ मध्ये ३,७८९ आणि १९७५ मध्ये ५,५१० लेख पेरले. हा आकडा सनसनाटी म्हणून अजूनही फिरतो. पण तो आला कुठून? दिल्लीतल्या अधिकाऱ्यांनी मॉस्कोतल्या साहेबांना पाठवलेल्या अहवालांतून. जो लेख तसाही छापून येणार होता, तोही 'आमचाच' म्हणून मोजायला त्यांना कोण अडवणार? १९७७ मध्ये मतदारांनी इंदिरा गांधींना घरी बसवलं हे आपल्याला माहीत आहे, पाच हजार लेखांचा त्यात काय उपयोग झाला? माझा संशय असा की या मोहिमांच्या ताकदीबद्दल सर्वांत मोठी थाप हेरसंस्था स्वतःच्याच सरकारला मारतात, आणि भांडाफोड करणारेही तीच थाप आनंदाने पुढे नेतात.

तुम्हाला काय वाटतं?

सांजवात

उत्तम धागा. एक भर घालते. मे २०१६ मध्ये ह्यूस्टनमधल्या एका इस्लामी केंद्रासमोर एकाच वेळी दोन निदर्शनं झाली. एक 'हार्ट ऑफ टेक्सस' या फेसबुक पानाने बोलावलेलं, इस्लामीकरण थांबवा म्हणणारं. दुसरं 'युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका' या पानाने बोलावलेलं. रस्त्याच्या दोन बाजूंना खरीखुरी माणसं एकमेकांवर ओरडत उभी होती, आणि दोन्ही पानं चालत होती रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या 'इंटरनेट रिसर्च एजन्सी' या खोटी खाती चालवणाऱ्या कंपनीतून. जाहिरातींवर खर्च सुमारे २०० डॉलर!

इथे कुठली बाजू जिंकते याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. भांडण तेवढं हवं होतं.

तर्कटराव

धागाकर्ते फारच उदार आहेत. 'परिणाम सिद्ध होत नाही' आणि 'परिणाम होत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत राव.

ग्वाटेमाला, १९५४. सीआयएने १ मेपासून 'ला वोझ दे ला लिबेरासियोन' नावाचं रेडिओ केंद्र सुरू केलं. आम्ही ग्वाटेमालाच्या जंगलातून बोलतोय असं ते सांगायचे. प्रत्यक्षात कार्यक्रम मायामीत ध्वनिमुद्रित व्हायचे आणि देशाबाहेरून प्रसारित व्हायचे. बंडखोरांची फौज पाचशेच्याही आत, पण रेडिओवर ती भलीमोठी असल्याचा थाट. २७ जूनला अध्यक्ष आर्बेन्झ यांनी राजीनामा दिला. १९५३ चं इराण घ्या : वर्तमानपत्रांत पैसे देऊन छापवलेले पंतप्रधान मोसादेघ यांच्याविरुद्धचे मजकूर, भाड्याने आणलेले जमाव, फितवलेले लष्करी अधिकारी. सरकार पडलं. सीआयएने आपला हात २०१३ मध्ये अधिकृतपणे मान्य केला. चिलीत १९६४ च्या निवडणुकीत एदुआर्दो फ्रेई यांच्यासाठी २६ लाख डॉलरहून अधिक खर्च झाला, फ्रेई निवडून आले. हे आकडे चर्च समितीच्या १९७५ च्या अहवालातले, म्हणजे अमेरिकी सिनेटनेच काढलेले.

ही सरकारं काय आपोआप बदलली?

आडवाट

तर्कटराव, ग्वाटेमालाचं उदाहरण माझ्या बाजूने जातं असं मला वाटतं. तिथलं सैन्य रेडिओला घाबरलं नाही. ही टोळी हरवली तर पाठोपाठ अमेरिकेचं नौदळ येईल, या धास्तीने अधिकारी लढायला तयार होईनात. म्हणजे थाप चालली ती मागे खरी ताकद उभी होती म्हणून. तोच रेडिओ एखाद्या लहान देशाने चालवला असता तर आर्बेन्झ हसले असते. इराणमध्येही शेवटी निकाल लावला तो रणगाड्यांनी.

१९२४ चं झिनोव्हिएव्ह पत्र आठवा. ब्रिटनमध्ये मतदानाला चार दिवस उरले असताना 'डेली मेल'ने मॉस्कोहून सोव्हिएत नेते झिनोव्हिएव्ह यांनी धाडलेलं म्हणून एक चिथावणीखोर पत्र छापलं. पत्र बनावट होतं, आणि ते पुढे सरकवण्यात ब्रिटिश हेरखात्याचीच माणसं होती. सत्तेवरचा मजूर पक्ष हरला, आणि 'पत्राने सरकार पाडलं' ही दंतकथा झाली. पण मजूर पक्षाची मतं त्या निवडणुकीत सुमारे दहा लाखांनी वाढली होती. कोसळला तो लिबरल पक्ष. (आणि हो, ही मोहीम परक्या देशातली नव्हतीच, आपल्याच घरातली होती. ती भानगड अजून निराळी.)

निळावंती

यावर थोडा विदा (आकडेवारी) आहे, तो मांडते.

डॉव्ह लेव्हिन या अभ्यासकाने १९४६ ते २००० या काळातल्या परकीय निवडणूक-हस्तक्षेपांची मोजदाद केली. अमेरिका आणि सोव्हिएत संघ/रशिया मिळून ११७ : त्यात अमेरिकेचे ८१, दुसऱ्या बाजूचे ३६. जगातल्या साधारण दर नऊ राष्ट्रीय निवडणुकांमागे एक. यातले जवळजवळ दोन तृतीयांश गुप्त होते. मदत मिळालेल्या बाजूची मतं सरासरी तीन टक्क्यांनी वाढतात असा त्यांचा अंदाज. चुरशीच्या लढतीत तीन टक्के म्हणजे सगळंच, हे तर्कटरावांच्या बाजूने.

पण त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष असा की उघड हस्तक्षेप गुप्त हस्तक्षेपापेक्षा जास्त परिणामकारक ठरतो. 'अमुक निवडून आला तर मदत बंद' असं जाहीर सांगणं हे चोरून पैसे देण्यापेक्षा भारी पडतं. १९४८ च्या इटलीतही सीआयएच्या पैशाबरोबर मार्शल योजनेची आर्थिक मदत थांबवण्याची उघड धमकी होती, आणि अमेरिकेतल्या इटालियन लोकांनी गावाकडच्या नातेवाइकांना धाडलेली पत्रं होती. कशाने किती फरक पडला हे वेगळं काढणार कसं?

अलीकडचं म्हणाल तर २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीतल्या ट्विटरवरच्या रशियन खात्यांचा एक अभ्यास जानेवारी २०२३ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला. या खात्यांचा मजकूर ज्यांच्या नजरेला पडला, त्यातला ७० टक्के वाटा फक्त १ टक्का वापरकर्त्यांचा होता. आणि हे आधीपासूनच कट्टर रिपब्लिकन. मत किंवा मतदान बदलल्याचा अर्थपूर्ण पुरावा मिळाला नाही.

तर्कटराव

निळावंतीताई, तो अभ्यास फक्त ट्विटरचा. त्याच वर्षी रशियाच्या लष्करी हेरखात्याने, म्हणजे जीआरयूने, डेमोक्रॅटिक पक्षाचे ईमेल चोरून 'गुसिफर २.०' आणि 'डीसीलीक्स' या मुखवट्यांमागून बाहेर सोडले, ते यात कुठे मोजलंय? जुलै २०१८ च्या आरोपपत्रात १२ अधिकाऱ्यांची नावं आहेत. ते ईमेल बनावट नव्हते. पत्रकारांनी स्वतःहून त्यावर आठवडेच्या आठवडे बातम्या केल्या. ट्रोल मोजणं सोपं आहे म्हणून सगळे ट्रोल मोजतात.

निळावंती

मान्य. चोरलेलं सत्य हे खोट्यापेक्षा कितीतरी घातक हत्यार आहे. त्याला 'हे खोटं आहे' असं उत्तरच देता येत नाही. फ्रान्समध्ये मे २०१७ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीला दोन दिवस उरले असताना मॅक्रों यांच्या चमूचे ईमेल फुटले. त्यांच्या लोकांनी आधीच काही लुटुपुटूचे कागद आत पेरून ठेवले होते, त्यामुळे खरं कुठलं, खोटं कुठलं हा प्रश्न चोरांच्याच गळ्यात पडला. शिवाय मतदानाआधीच्या प्रचारबंदीमुळे माध्यमं गप्प राहिली. पण हे दरवेळी जमेल असं नाही.

कळलाव्या

रशिया, अमेरिका, ब्रिटन झालं. आपण मात्र धुतल्या तांदळासारखे, नाही का?

(काडी टाकून पळतोय.)

सांजवात

पळू नका, उत्तर ऐकून जा.

डिसेंबर २०२० मध्ये ब्रसेल्सच्या 'ईयू डिसइन्फोलॅब'ने 'इंडियन क्रॉनिकल्स' या नावाने अहवाल काढला. पंधरा वर्षं चाललेलं जाळं, ११९ देशांच्या नावाने ७५० हून अधिक बनावट माध्यमं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेभोवती मृतप्राय संस्थांना पुन्हा उठवून उभं केलेलं. २००६ मध्ये वारलेल्या एका नामवंत कायदेपंडिताचं नाव २००७ च्या बैठकीला हजर म्हणून लागलेलं होतं! हे सगळं पाकिस्तानविरोधी आणि भारताला अनुकूल. अहवालाने बोट दाखवलं ते दिल्लीतल्या एका खाजगी उद्योगसमूहाकडे. भारत सरकारच्या हेरसंस्थेशी संबंध त्यांनी सिद्ध केलेला नाही, आणि परराष्ट्र मंत्रालयाने आरोप फेटाळला. एवढंच ठामपणे म्हणता येतं, त्यापुढचं ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर म्हणावं.

पलीकडे एप्रिल २०१९ मध्ये फेसबुकने १०३ पानं, गट आणि खाती काढून टाकली, ती पाकिस्तानी सैन्याच्या आयएसपीआर या प्रसिद्धी विभागाच्या कर्मचाऱ्यांशी जोडलेली होती असं कंपनीने जाहीर केलं.

आणि आपण नुसते करणारे नाही, झेलणारेही. केजीबीचे आकडे वर आलेच. दिल्लीतले अमेरिकेचे माजी राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी १९७८ मध्ये लिहिलं की केरळ आणि पश्चिम बंगालमध्ये कम्युनिस्टांना रोखण्यासाठी अमेरिकेने काँग्रेस पक्षाला दोनदा पैसे दिले होते. म्हणजे एकीकडून तेही आणि दुसरीकडून हेही.

बोरूबहाद्दर

काही वर्षं संपादकीय विभागात काढली आहेत, म्हणून त्या बाजूने लिहितो.

लोकांना वाटतं पत्रकाराला नोटांचं पाकीट देतात. तसंही होत असेल, पण जास्त उपयोगी पडतो तो पत्रकाराचा आळस आणि वेळेची टंचाई. ब्रिटिश परराष्ट्र खात्यात १९४८ ते १९७७ या काळात 'इन्फर्मेशन रिसर्च डिपार्टमेंट' नावाचा गुप्त विभाग होता. साम्यवादाविरुद्ध मजकूर तयार करायचा आणि ओळखीच्या पत्रकार-संपादकांना 'पार्श्वभूमीसाठी' द्यायचा, हे त्याचं काम. मजकूर बराचसा खरा, नीट शोधलेला, वाचायला बरा. अट एकच, स्रोताचं नाव घ्यायचं नाही. पान भरायचं असताना असा तयार माल टेबलावर येऊन पडला की कोण नको म्हणतो? तो बहुतेक वेळा खरा असतो, म्हणूनच ज्या दिवशी त्यात पाचर मारलेली असते त्या दिवशी ती ओळखू येत नाही.

याच विभागाच्या सिंगापूरमधल्या माणसांनी १९६५ मध्ये इंडोनेशियात देशभक्त स्थलांतरितांच्या नावाने पत्रकं काढली आणि तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचा नायनाट करा अशी चिथावणी दिली. कागदपत्रं खुली झाल्यावर २०२१ मध्ये हे तपशील बाहेर आले. त्या कत्तलीत लाखो माणसं मेली. ती काही पत्रकांमुळेच मेली असं नाही, सैन्य होतंच. पण धागाकर्त्यांना विचारावंसं वाटतं, परिणाम नेमका मोजता आला नाही म्हणून लिहिणाऱ्याचा हिशेब होणारच नाही का?

दुसरा प्रकार म्हणजे दीर्घ मुदतीचा मित्र. फ्रान्समधले पत्रकार पियेर-शार्ल पाते केजीबीच्या पैशावर 'सिंथेसिस' नावाचं खाजगी वार्तापत्र काढायचे. वाचक मोजके, पण त्यांत खासदार आणि राजदूत. लाखो लोकांचं मत वळवण्यापेक्षा काहीशे माणसांच्या टेबलावर दर पंधरवड्याला एक विशिष्ट सूर पोचवणं स्वस्त पडतं. १९८० मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली.

आडवाट

बोरूबहाद्दर, तुमचा इंडोनेशियाचा प्रश्न बोचला. परिणाम आणि दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी परिणामाच्या दाव्यांवर शंका घेतोय, करणाऱ्याला माफी देत नाही. चिथावणी देणारा दोषीच, जमाव त्याच्यामुळे पेटला असो वा नसो.

वाटसरू_७

एक बाळबोध शंका. हात जर इतका लपवलेला असतो तर तो सापडतो कसा?

निळावंती

बहुतेक वेळा हलगर्जीपणामुळे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकआधी आशियाई आणि आफ्रिकी देशांच्या ऑलिंपिक समित्यांना 'कु क्लक्स क्लॅन' या अमेरिकेतल्या वंशद्वेष्ट्या संघटनेच्या नावाने जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं गेली. इंग्रजी मायबोली असणारा माणूस असं लिहिणार नाही, हे भाषेच्या तपासणीत दिसलं, आणि अमेरिकेने ती केजीबीची बनावट पत्रं असल्याचं जाहीर केलं.

हल्ली भाषेवरून पकडणं अवघड झालंय, यंत्राने भाषा गुळगुळीत केली आहे. पण कामाच्या वेळा उरतात. ऑगस्ट २०२३ मध्ये मेटाने चिनी पोलीस यंत्रणेशी संबंधित व्यक्तींशी जोडलेली ७,७०४ फेसबुक खाती काढली. ती बीजिंगच्या घड्याळाप्रमाणे सकाळी जोरात चालायची, जेवणाच्या सुटीत थंडावायची आणि दुपारी पुन्हा सुरू व्हायची. माणसं नोकरीला होती, दुसरं काय! २०२२ पासून चाललेल्या 'डॉपेलगँगर' या रशियन मोहिमेत 'श्पीगेल', 'ल माँद', 'गार्डियन' यांच्या हुबेहूब नकली साइट काढल्या गेल्या. पानाची मांडणी तीच, इतर दुवेसुद्धा मूळ साइटकडे नेणारे, फक्त पत्त्याच्या शेवटी वेगळं शेपूट. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने असे ३२ पत्ते ताब्यात घेतले.

आता धागाकर्त्यांच्या मूळ संशयाला पुष्टी. डॉपेलगँगर चालवणाऱ्या मॉस्कोच्या 'सोशल डिझाइन एजन्सी'ची अंतर्गत कागदपत्रं २०२४ मध्ये फुटली. पाश्चात्त्य माध्यमांत 'रशियाची भयंकर मोहीम' अशी बातमी आली की ही मंडळी तिचं कात्रण यश म्हणून वरच्यांना दाखवत होती. पकडले गेलो हाही परिणामकारकतेचा पुरावा! पैसे वरून येणार, तर वरच्यांना खूश ठेवायला नको?

बंड्या

म्हणजे या धाग्याचाही स्क्रीनशॉट कुणाच्या तरी तिमाही अहवालात लागणार 😀

आणि कळलाव्या हा तर्कटरावांचा डुआयडी (दुसरं खोटं खातं) आहे असा माझा जुना संशय आहे.

तर्कटराव

बंड्या, मी भांडतो ते स्वतःच्या नावाने.

डिजिटल मोहिमांची टिंगल सोपी आहे, पण रोमानिया पाहा. २४ नोव्हेंबर २०२४ ला अध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत कालिन जॉर्जेस्कू हे जवळपास अनोळखी उमेदवार पहिले आले, प्रचार मुख्यतः टिकटॉकवर. ६ डिसेंबरला घटनात्मक न्यायालयाने हेरखात्याने खुल्या केलेल्या कागदपत्रांनंतर अख्खी निवडणूक रद्द केली. हा परिणाम नाही तर काय?

आडवाट

परिणाम आहेच, पण कशाचा? नंतर रोमानियातल्याच शोधपत्रकारांनी दाखवलं की टिकटॉकवरच्या त्या मोहिमेचा एक भाग सत्ताधारी आघाडीतल्या नॅशनल लिबरल पक्षाच्या पैशावर चालला होता. खेळी अंगावर उलटलेली दिसते. बाहेरचा हात किती, घरातला किती, याचं उत्तर न्यायालयाच्या निकालातून मिळत नाही. आणि मोहिमेच्या संशयावरून निवडणूक रद्द करावी लागणं हे कुठल्याही हेरसंस्थेच्या स्वप्नातलं फळ. तिला काही सिद्ध करावंच लागलं नाही. मे २०२५ मध्ये फेरनिवडणूक झाली, निकुशोर दान निवडून आले. पण पहिल्या निकालाबद्दलची अढी काही गेली नाही.

मुक्ताई

उशिरा आले. तुमची चर्चा निवडणुकांभोवतीच फिरतेय, मला आरोग्याचं टोचतं. एड्सची गोष्ट वर आली. जून २०२४ मध्ये रॉयटर्सने उघड केलं की २०२० च्या वसंतापासून २०२१ च्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या लष्कराने फिलिपिनो लोकांची सोंगं घेतलेली किमान ३०० खाती चालवली. चिनी लस, मास्क, चाचणीची साधनं यांच्याबद्दल संशय पेरण्यासाठी. तेव्हा तिथे सर्वांत आधी मिळालेली लस चिनीच होती. म्हणजे चीनला धडा शिकवायचा म्हणून तिसऱ्याच देशातल्या म्हाताऱ्या माणसांना लशीपासून दूर ठेवायचं. हे हेरखातं नव्हतं, लष्कर होतं, पण कृती तीच. किती जणांनी त्यामुळे लस टाळली हे कुणी सांगू शकणार नाही. मला त्या आकड्याची गरजही वाटत नाही.

सांजवात

+१ मुक्ताई. फोर्ट डेट्रिकच्या थापेवर चाळीस वर्षं बोटं मोडणाऱ्यांनीच हे करावं.

बोरूबहाद्दर

युद्धातलं एक उदाहरण राहिलंच. १९४१ मध्ये सेफ्टन डेल्मर यांनी ब्रिटनमधून 'गुस्ताव झिगफ्रीड आइन्स' नावाचं जर्मन रेडिओ केंद्र चालवलं. त्यावरचा 'डेर शेफ' हा कडवा राष्ट्रवादी, चर्चिलला शिव्या घालणारा, आणि त्याच दमात नाझी अधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचाराची, छंदीफंदीपणाची लक्तरं काढणारा. ऐकणाऱ्याला वाटायचं हा आपलाच संतापलेला माणूस. शत्रूशी वाद घालण्यापेक्षा शत्रूच्या बाजूनेच जास्त कडवं होऊन बोलणं. आजची कित्येक 'अतिदेशभक्त' खाती पाहिली की मला हा शेफ आठवतो.

वाटसरू_७

जाता जाता अजून एक. मोहीम पूर्ण यशस्वी झाली आणि तरीही करणाऱ्याच्या हाती काही लागलं नाही, असं झालंय का कधी?

आडवाट

झालंय. एप्रिल १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीत चॅन्सेलर विली ब्रँट यांच्यावर अविश्वास ठराव आला. ब्रँट टिकावेत ही पूर्व जर्मनीची इच्छा, कारण त्यांचं पूर्वेशी जुळवून घेण्याचं धोरण. ठराव दोन मतांनी पडला. विरोधी पक्षाचे खासदार युलिउस श्टाइनर यांना मत न देण्यासाठी श्टाझीने, म्हणजे पूर्व जर्मनीच्या हेरखात्याने, ५०,००० मार्क दिले होते. इतका नेमका, मोजता येणारा परिणाम या धंद्यात क्वचित सापडतो.

दोन वर्षांनी ब्रँट यांनी राजीनामा दिला, कारण त्यांच्या कार्यालयातला सहायक ग्युंटर गियोम हेर निघाला. तोही श्टाझीचाच.

कळलाव्या

परत आलो. केजीबीच्या भारतातल्या त्या लेखांवर वेगळा धागा काढा. नावांसकट.

आडवाट

नोंदींत बहुतेक ठिकाणी नावं नाहीत, टोपणनावं आहेत. त्यावरून माणसं ओळखण्याचा खेळ मी खेळणार नाही, तुम्ही काढा.